आधी हजेरी, मग पोरी

तीस वर्षं मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. माझ्या हातची खाडाखोड असलेलं एक तरी रजिस्टर कुणी आणून दाखवावं, मी आजही पैज लावेन. हे मिरवायला सांगत नाही. मिरवायचं तेव्हा पोटभर मिरवून झालं. मला सांगायचंय ते मावशींबद्दल. पण मावशींचं सांगायचं तर माझा हा रजिस्टरांचा माज आधी सांगावा लागतो, कारण त्यांचं वाटोळं त्यानेच केलं. म्हणजे मीच केलं. उगाच रजिस्टरावर कशाला ढकलू?

मावशी म्हणजे आमच्या मुलींच्या बसमधल्या मदतनीस. सातवीनंतर लांबच्या वस्त्यांवरच्या मुली शाळा सोडतात, कारण पुढची शाळा दूर आणि जायला साधन नाही, हे सरकारच्या एकदाचं लक्षात आलं आणि मोफत बसची योजना निघाली. आमच्या वाट्याला बावीस सीटची एक बस आली. खाणीच्या वस्तीपासून शाळेपर्यंत अकरा किलोमीटर. एक ड्रायव्हर, एक मदतनीस बाई आणि एक अट. रोज सरासरी बारा मुली बसल्याच पाहिजेत. सलग तीन महिने आकडा बाराच्या खाली गेला की बस बंद, गाडी दुसऱ्या गावाला.

मावशींचं स्वतःचं शिक्षण सहावी. नवरा खाणीत होता, छातीच्या दुखण्याने चाळिशीच्या आत गेला. मावशी खाणीच्या वजनकाट्यावर झाडलोट करायच्या. एकच मुलगी, ती सातवीत वर्गात पहिली आली आणि पहिली येऊन घरी बसली. "पहिली आली, पण जाणार कुठे?" मावशी सांगायच्या. "अकरा किलोमीटर काय पाठुंगळी घेऊन जाऊ?" मुलगी दोन वर्षं आईच्या शेजारी उभी राहून काटा झाडत होती, मग लग्न करून गेली. त्यानंतर आठ वर्षांनी बस आली. मदतनीस हवी म्हणून वस्तीत कागद लागला तेव्हा मावशींनी तो दुसऱ्याकडून वाचून घेतला नाही, स्वतः अक्षर अक्षर लावून वाचला, आणि त्याच दुपारी चालत शाळेत आल्या. अर्ज मीच भरून दिला. 'अनुभव' या रकान्यात काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, "लिहा, एक पोरगी घरी बसवल्याचा अनुभव आहे."

मी अर्थातच तो रकाना मोकळा सोडला.

पहिल्या दिवशी बसमधून चार मुली उतरल्या. महिन्याभरात त्या चौदा झाल्या. त्या कशा झाल्या ते ड्रायव्हरदादांकडून ऐकावं. बस थांब्यावर उभी करायला लावून मावशी तरातरा घराघरांत शिरायच्या. कुणी चहा पुढे केला तर, "चहा नको, पोरगी द्या." एक बाप म्हणाला, शिकून काय करणार आहे ती? मावशी म्हणाल्या, "तुम्ही न शिकून काय दिवे लावलेत ते दिसतंय की!" एका घरी आई आजारी, भांडी पडलेली, म्हणून मुलगी येत नव्हती. मावशींनी पदर खोचला, दहा मिनिटांत भांडी घासून पालथी घातली आणि पोरीला दप्तरासकट बाहेर काढलं. ड्रायव्हरदादा हॉर्न वाजवून वाजवून थकले. "ही बस आहे का वरात?" ते म्हणायचे. पण गाडी सोडून एकदाही गेले नाहीत.

त्या चौदांतली एक पुढे दहावीत गेली. तिला सगळे वकिलीण म्हणायचे. शिक्षकांनी 'बस खाली' म्हटलं तरी ती 'का?' विचारायची. बाप खाणीत, आई वीटभट्टीवर, आणि ही गणितात पंच्याण्णवच्या खाली उतरायला तयार नाही. मावशींचा तिच्यावर फार जीव. त्या उघड म्हणायच्या, "ही दहावी झाली की मी मरायला मोकळी."

आता हजेरीचं. रोज पावणेसहाला, बस सुरू व्हायच्या आधी, मावशी पुढच्या सीटवर बसायच्या, मांडीवर हजेरीची वही घ्यायच्या आणि त्या तारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढायच्या. चौदाच्या चौदा हजर! बसमध्ये अजून चिटपाखरू नाही आणि वहीत सगळ्या बसलेल्या. ड्रायव्हरदादांनी एकदा हटकलं, तर म्हणाल्या, "आधी हजेरी, मग पोरी. एकदा हजर लिहिलं की मला आणायला जावंच लागतं. लिहिलेलं खोटं कसं पडू देऊ?" आणि नाही आली एखादी? भट्टीचे दिवस असले की पाच-पाच पोरी विटा वाहायला जायच्या, तेव्हा? तेव्हाही रेघ तशीच. खोडून टाकलं की पोरगी गेलीच, असं त्यांना वाटायचं.

हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की महिनाअखेर मावशींची वही येते, मी आकडे घेते आणि तिमाही अहवालात चढवते.

त्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या रजिस्टरांची तारीफ केली. असं दफ्तर दुसऱ्या शाळेत पाहिलं नाही म्हणाले. मी चार दिवस हवेत. शिक्षकांच्या खोलीत चहाला बसलो होतो, मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, पुन्हा तेच कौतुक करत होत्या. इतक्यात मावशी वही द्यायला दारात आल्या. ऐकलं आणि हसून म्हणाल्या, "मॅडमची रजिस्टरं इतकी स्वच्छ, इतकी स्वच्छ, की पोरी आत पाय ठेवायला भितात!"

सगळे हसले. मोठ्या बाईसुद्धा. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

चांगला विनोद होता तो. आज मलाही हसू येतं. पण त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग माझ्या नाकावरच असतो, माझी आई म्हणायची हिला शिंक आली तरी भांडण होईल. सहावी शिकलेली बाई मला भर खोलीत बोलते? मी तोंडाने काही बोलले नाही. मी बोलले नाही की समजावं, काहीतरी शिजतंय.

दोनच दिवसांनी मी तिमाही अहवालाला बसले, आणि आजवर कधी न केलेली गोष्ट केली. मावशींची वही आणि ड्रायव्हरदादांची गाडीची वही शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली. सतरा तारखेला गाडीचा क्लच गेला होता. 'बस दिवसभर बंद', दादांनी स्पष्ट लिहिलेलं. आणि मावशींच्या वहीत सतरा तारखेला सरळ, सुंदर, उभी रेघ. चौदा हजर.

सापडली! खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मग मी आठवी ते दहावीच्या वर्गांची हजेरी काढली आणि चौदा मुलींचे तीन महिने एकेक दिवस मोजले. सरासरी आली नऊ.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं, ते शाळेच्या शिपायालाही कळलं असतं. मावशींना आत बोलवायचं, दार लावायचं आणि विचारायचं, अहो, हे काय आहे? मी विचारलं नाही. सतरा तारखेला पोरी कशा आल्या, हेही विचारलं नाही, आणि वर्गाच्या हजेरीत तर त्या दिवशी नऊ जणी चक्क हजर होत्या! मावशींनी दुधाचा टेम्पो अडवून, कॅनच्या मध्ये बसवून त्यांना आणलं होतं. ते मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही. मी अहवालात नऊ लिहिले. शेऱ्यात लिहिलं, 'बसमधील नोंदवही व प्रत्यक्ष उपस्थिती यांत तफावत आढळते.' मोठ्या बाईंनी नेहमीसारखी न वाचता सही केली. माझ्या कागदावर त्या डोळे मिटून सही करायच्या, एवढा विश्वास.

मी खरं तेच लिहिलं होतं. पण ते खऱ्यासाठी लिहिलं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तीन आठवड्यांत पत्र आलं. मार्ग बंद. अचूक माहिती दिल्याबद्दल शाळेचे आभारही मानले होते. मावशींचं काम अर्थातच गेलं. मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून त्या उभ्या रेघांचा अर्थ विचारला, मावशींनी काही लपवलं नाही, आणि दुपारपर्यंत सगळ्या शाळेला कळलं, की मावशींनी खोटी हजेरी लावली म्हणून बस गेली. माझं नाव कुठेच नव्हतं. ते पत्रातही नव्हतं आणि कुणाच्या तोंडीही नव्हतं.

बस गेली तरी मावशी थांबल्या नाहीत. पहाटे पोरींना घेऊन त्या चालत मोठ्या रस्त्यापर्यंत यायच्या आणि मिळेल त्या गाडीत बसवून द्यायच्या. पहिल्या आठवड्यात सात जणी आल्या, मग चार, मग दोन. वकिलीण दोघींतली एक. परीक्षेला चार महिने होते.

एक दिवस मधल्या सुट्टीत ती ऑफिसात आली. बूट धुळीने पांढरे झालेले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मॅडम, बाराचा नियम कुठे लिहिलाय?"

"सरकारच्या परिपत्रकात."

"ते दाखवा मला."

"ऑफिसचे कागद मुलांना दाखवत नसतात."

"आमच्या वस्तीत आठवीपासून पुढे मुलीच चौदा आहेत. त्यातल्या बारा रोज कशा येणार? कुणी आजारी पडायचंच नाही? ज्याने नियम केला त्याला एवढं कळलं नसेल?" मग माझ्याकडे रोखून म्हणाली, "तुम्ही पूर्ण वाचलंय का ते?"

"जा, वर्गात जा!" मी ओरडले. "उचलली जीभ लावली टाळ्याला!"

ती गेली. मी रागारागाने फाईल काढली. म्हटलं, बघतेच. परिपत्रक पाच पानी. पहिल्या पानावर योजना, दुसऱ्यावर अटी, तिसऱ्यावर तिमाही अहवालाचा नमुना. दोन वर्षांपूर्वी ते आलं तेव्हा मी नमुन्यापर्यंत वाचलं होतं. क्लार्कला नमुना मिळाला की त्याच्या पुढचं कोण वाचतो? टोचून, क्रमांक टाकून, फाईलला लावून मोकळी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. चौथ्या पानावर लिहिलं होतं, खाणी, भट्ट्या किंवा तत्सम वस्त्यांच्या मार्गांना किमान सहा मुलींची सवलत राहील. शाळेने अहवालासोबत अर्ज करावा. मार्ग बंद झाल्यास तीस दिवसांच्या आत अर्ज केल्यास तो पूर्ववत सुरू करण्यात येईल.

सहा. आमच्याकडे नऊ होत्या. मावशींना एकही खोटी रेघ ओढायची गरज नव्हती. दोन वर्षं ती बाई बाराच्या धाकाने वही भरत होती, आणि सहाचा कागद माझ्या पाठीमागच्या कपाटात होता.

मी कॅलेंडर पाहिलं. पंचविसावा दिवस होता. पाच दिवस हातात होते.

इथपर्यंतची माझी चूक कुणी म्हणेल राग, कुणी म्हणेल आळस. पुढची चूक नाही, ते पाप आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही.

अर्ज मी त्याच दुपारी लिहायला घेतला. सगळं भरलं. शेवटी एक ओळ होती, 'अहवालासोबत सवलतीची मागणी न करण्याचे कारण'. तिथे पेन अडलं. काय लिहू? 'परिपत्रक वाचले नाही'? मी? जिच्या दफ्तराची साहेबांनी तारीफ केली, ती? हेडक्लार्कच्या बढतीची यादी त्याच महिन्यात निघणार होती. 'नजरचुकीने' लिहिलं, फाडलं. 'अनवधानाने' लिहिलं, तेही फाडलं. म्हटलं, उद्या बघू. उद्या म्हटलं, परवा. एकोणतिसाव्या दिवशी, शुक्रवारी, मोठ्या बाई निघताना माझ्या टेबलाशी थांबल्या. खांद्याला पर्स, हातात पेन.

"काही सह्या राहिल्यात का गं?"

अर्ज टेबलावर होता. त्यावर माझा हात होता.

"नाही बाई," मी म्हणाले.

शनिवारी तीस दिवस संपले. सोमवारी मी अर्ज फाडून टाकला.

पुढच्या पंधरवड्यात खाणीच्या रस्त्यावर एका ट्रकने पोरींना इतकं घासून नेलं, की एकीचं दप्तर चाकाखाली गेलं. पोरी वाचल्या. पण वकिलिणीच्या बापाने सांगितलं, बास, शाळा पुरे. मावशी त्याच्या दारात तीन दिवस जाऊन बसल्या. या वेळी त्याला टोमणा मारायला तोंड उरलं नव्हतं त्यांना. तो म्हणाला, तुम्हीच बस घालवलीत, आता मुलीचा जीवही घालवाल. वकिलिणीला लांबच्या शहरात मामीकडे पाठवलं, तिचं मूल सांभाळायला. दहावीचा फॉर्म भरला गेला नाही. शाळा सोडल्याच्या नोंदवहीत तिचं नाव मीच लिहिलं. कारण: घरगुती. अक्षर नेहमीसारखं, मोत्यासारखं.

मग एक दिवस मावशी ऑफिसात आल्या. ओळखपत्र जमा करायचं होतं. ते टेबलावर ठेवून त्या उभ्याच राहिल्या. मी बसा म्हटलं, तरी बसल्या नाहीत.

"मॅडम, एक बोलायचं होतं."

 कळलं हिला, चौथं पान कळलं. आता ही मला बोलणार, आणि बोलू दे, जे मनात येईल ते बोलू दे, एकदाची मोकळी तरी होईन.

"मी तुमची माफी मागायला आलेय," मावशी म्हणाल्या. "तुमचं दफ्तर एवढं चोख आणि मी त्यात घाण केली. मोठ्या बाईंसमोर तुम्हाला मान खाली घालावी लागली असेल. आणि ती पोर..." त्यांनी पदराने तोंड दाबून धरलं. "माझ्याच हाताने गेली ती. मी खरं लिहिलं असतं तर तुम्ही काहीतरी मार्ग काढला असता. तुम्हाला सगळे नियम माहीत असतात."

मी ओळखपत्र उचलून खणात ठेवलं. आता सांग, आता तरी सांग, असं मन ओरडत होतं. पलीकडच्या टेबलावर कोणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. बढतीची यादीही निघून गेली होती, त्यात माझं नाव होतं. गमावण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"असू द्या मावशी," मी म्हणाले. "चूक माणसाकडूनच होते. मनाला लावून घेऊ नका."

मी त्यांना माफ केलं! त्यांनी वाकून माझे दोन्ही हात धरले. हात खरखरीत होते. "मोठ्या मनाच्या आहात," म्हणाल्या, आणि गेल्या.

याला अकरा वर्षं झाली. मी निवृत्त झाले, निरोप समारंभात माझ्या चोख दफ्तरावर तिघांनी भाषणं केली. मावशी पुन्हा वजनकाट्यावर लागल्या, आता गुडघ्यांमुळे तेही सुटलंय. परवा दवाखान्याच्या बाकावर भेटल्या. मला पाहून उठायला लागल्या, मी बळेच बसवलं. वकिलिणीची चौकशी मीच केली. का केली, देव जाणे. जखमेवरची खपली काढायची खोड असते एकेकाला.

"दोन मुलं आहेत तिला," मावशी म्हणाल्या. "सणासुदीला येते माहेरी. माझ्या दारावरून जाते, पण बघत नाही. मी हाक मारते, तरी नाही बघत. तिला वाटतं, मावशीच्या खोट्या हजेरीने माझी दहावी गेली. बरोबरच आहे तिचं, नाही का?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबल्या होत्या. मी हो म्हणाले असते तरी त्यांनी ऐकलं असतं, आणि नाही म्हणाले असते तर मला पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

"बोलेल हो," मी म्हणाले. "वेळ जाऊ द्या."

तेवढ्यात आतून माझा नंबर पुकारला आणि मी उठून गेले.